झाडे जमिनीतले धातू काढून घेतात का?

'कारखान्यांच्या परिसरात झाडे लावा, प्रदूषण हटवा' हे वाक्य आपण सर्वांनी फलकांवर वाचले आहे आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांत तर अनेकदा तपासलेही आहे. धूळ अडवणे, सावली देणे, जमिनीची धूप थांबवणे यापुरते ते खरेच आहे. परंतु औद्योगिक भागातील मातीत साठलेले शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे किंवा निकेल यांचे काय? हे जड धातू म्हणजे मूलद्रव्ये. सांडलेल्या तेलाचे रेणू जीवाणू तोडू शकतात, सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजून त्याचा कार्बन डायॉक्साइड होतो. पण शिशाचा अणू कोणतेही झाड मोडू शकत नाही. तो मातीत राहील, झाडात जाईल, पाण्यात उतरेल किंवा धुळीबरोबर उडेल. नाहीसा मात्र होणार नाही.

म्हणून झाडांनी जमीन शुद्ध केली असे कोणी सांगितले की एक प्रश्न विचारायलाच हवा : धातू गेला कुठे? या एका प्रश्नाचा धागा धरून आपण या विषयाचा इतिहास पाहू या. हा इतिहास दोन वेगळ्या वाटांनी आला आहे. एक वाट उजाड झालेल्या जमिनीवर पुन्हा हिरवळ आणण्याची, तर दुसरी धातू खाणाऱ्या वनस्पतींच्या शोधाची.

तांब्याची दरी

वेल्समधील स्वान्सी या गावाजवळ तांबे गाळण्याचा पहिला कारखाना १७१७ साली सुरू झाला. तांब्याचे खनिज तेथे नव्हते, होता तो दगडी कोळसा. त्या काळी खनिज गाळायला खनिजाच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त कोळसा लागे. साहजिकच कोळसा खनिजाकडे नेण्यापेक्षा खनिज कोळशाकडे आणणे स्वस्त पडे. आधी कॉर्नवॉलमधून आणि पुढे चिली, क्यूबा अशा दूरच्या देशांतून जहाजे खनिज घेऊन येऊ लागली. एकोणिसाव्या शतकात ही लहानशी दरी जगातील तांबे उद्योगाचे मोठे केंद्र बनली. मागोमाग जस्ताचे कारखानेही आले.

तांब्याच्या खनिजात गंधक असते. ते जळून निघणारा सल्फर डायॉक्साइड दरीत कोंडून राही. त्याने कारखान्यांसमोरच्या किल्वी टेकडीवरील ओक आणि बर्च यांची राई आधी मारली, मग खालचे गवत. मुळे गेली तशी माती पावसाने वाहून गेली. उरले ते खडक आणि धातुमळीचे ढीग. शेतकऱ्यांनी कारखानदारांवर खटले भरले. १८२१ साली धुरावर उपाय शोधणाऱ्यास बक्षीस देण्यासाठी निधी जमवण्यात आला. हंफ्री डेव्ही आणि मायकेल फॅरडे यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचाही सल्ला घेतला गेला. धूर मात्र थांबला नाही. पुढे विसाव्या शतकात हे कारखाने एकेक करून बंद पडत गेले. धूर संपला, तरीही ढिगांवर गवताचे पाते उगवेना. कारण आता शत्रू हवेत नव्हता, मातीत होता.

१९६१ साली स्वान्सीच्या विद्यापीठ महाविद्यालयात सामाजिक प्रशासन हा विषय शिकवणारे रॉबिन ह्यूज जोन्स यांच्या पुढाकाराने 'लोअर स्वान्सी व्हॅली प्रकल्प' सुरू झाला. भूशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, नगरपालिका आणि वनखाते अशी निरनिराळी मंडळी या एका दरीसाठी एकत्र बसली. त्यांचा अहवाल १९६७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. वनखात्याने टेकडीच्या उतारांवर लार्च, पाइन आणि बर्च यांची लागवड केली. सुरुवातीला रोपे उपटली जात, कोणी गवताला आगी लावी. तेव्हा परिसरातील शाळांच्या मुलांनाच लागवडीत सामील करून घेतले गेले आणि नासधूस कमी झाली. स्वतः लावलेले झाड मूल सहसा उपटत नाही, हे शिक्षकांना निराळे सांगायला नको.

झाडे वाढली, दरी हिरवी झाली. पण नेमके काय घडले ते नीट पाहू या. तांबे आणि जस्त यांच्या जहाल ढिगांवर झाडे नुसती लावून जगली नाहीत. तेथे ढीग सपाट करावे लागले, त्यांवर सांडपाण्याचा गाळ, वीजकेंद्रातील राख किंवा शहरातला कचरा पसरून मुळांना आसरा द्यावा लागला. म्हणजे विष झाकले गेले, काढले गेले नाही. धूळ बसली, ओहोळांत उतरणारा गाळ कमी झाला, लोक टेकडीवर फिरायला जाऊ लागले. हा लाभ मोठाच होता. तरीही 'धातू गेला कुठे?' या प्रश्नाचे स्वान्सीतील उत्तर 'कुठेच नाही' असे आहे.

विषात उगवणारे गवत

याच सुमारास आणखी एक गोष्ट उलगडत होती. वेल्समधील शिशाच्या जुन्या खाणींच्या ढिगांवर तुरळक का होईना, गवत दिसे. १९५२ साली ए. डी. ब्रॅडशॉ यांनी दाखवले, की खाणीवरील 'अ‍ॅग्रॉस्टिस' गवत शिसे आणि जस्त सहन करते. शेजारच्या कुरणातील त्याच जातीचे गवत मात्र त्या मातीत मरते. दिसायला दोन्ही सारखीच, पण गुण वेगळा. खाणीच्या मातीत पडणाऱ्या असंख्य बियांपैकी एखाददुसरीत सहनशीलता होती. तीच जगली आणि तिचीच संतती पसरली. डार्विनने सांगितलेली निवड इथे माणसाच्या डोळ्यांदेखत, काही पिढ्यांच्या अवधीत घडत होती. १९५७ साली डी. ए. विल्किन्स यांनी ही सहनशीलता मोजण्याची सोपी रीत दिली : रोपाची मुळे धातूच्या द्रावणात किती वाढतात आणि साध्या द्रावणात किती, याचे गुणोत्तर काढायचे. पुढे अशा सहनशील गवतांचे 'मर्लिन', 'गोगिनन', 'पॅरिस' हे वाण खाणींचे ढीग झाकण्यासाठी विक्रीलाही आले.

हा प्रयोग शाळेत करता येतो. मोरचूद, म्हणजे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तेच कॉपर सल्फेट, १ ग्रॅम घेऊन १ लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणात लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅम तांबे असते. ते दहापट पातळ करा, त्यातील थोडे घेऊन पुन्हा दहापट पातळ करा. दोन्ही पातळ द्रावणांत आणि साध्या पाण्यात भिजवलेल्या टिपकागदांवर गव्हाचे दाणे अंकुरित करून चार-पाच दिवसांनी मुळांची लांबी मोजा. लिटरमागे अडीच मिलिग्रॅम तांबेसुद्धा कोवळ्या मुळांना किती जाचते, ते मुलांना पट्टीवरच दिसेल. मोरचूद विषारी आहे. द्रावण शिक्षकांनी स्वतः करावे, मुलांनी नंतर हात धुवावेत आणि ते दाणे कोंबड्या-पाखरांच्या तोंडी जाऊ देऊ नयेत.

निळा चीक

आता दुसरी वाट. जमिनीखाली काय दडले आहे याची चाहूल वनस्पतींवरून लागते, ही समजूत फार जुनी आहे. वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त कोणत्या झाडाजवळ पाणी लागेल याचे आडाखे दिले आहेत. धातूंच्या शिरांवरील झाडांची पालवी निराळ्या रंगाची दिसते, अशी नोंद १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅग्रिकोलाच्या खाणकामावरील ग्रंथात सापडते. १५८३ साली इटलीतील आंद्रेआ चेझाल्पिनो याने टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातील काळ्या दगडांवर वाढणाऱ्या एका छोट्या झुडपाचे वर्णन केले.

१८८५ साली जर्मनीत बाउमान यांनी आखेनजवळच्या जस्तयुक्त जमिनीवरील 'थ्लास्पी' या मोहरीच्या कुळातील रोपाची पाने तपासली, तर वाळलेल्या पानांत १ टक्का जस्त निघाले. शास्त्रज्ञांनी ही गंमत म्हणून नोंदवली आणि ते पुढे गेले. १९४८ साली फ्लॉरेन्समध्ये मिंगुत्सी आणि व्हेर्ञानो यांनी चेझाल्पिनोच्या त्याच झुडपाचे रासायनिक पृथक्करण केले. वाळलेल्या पानांत निकेलचे प्रमाण १ टक्क्याच्या घरात होते! सर्वसाधारण वनस्पतीत ते किलोग्रॅममागे काही मिलिग्रॅम इतकेच असते.

१९७० च्या दशकात न्यूझीलंडमधील मॅसी विद्यापीठाच्या रॉबर्ट ब्रुक्स यांनी एक सोपी युक्ती केली. जगभरातील वनस्पतिसंग्रहांत शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गोळा करून कागदावर चिकटवलेले नमुने होते. ब्रुक्स यांनी त्यांतल्या पानांचे नखाएवढे तुकडे मागवले आणि त्यांतील निकेल मोजले. जंगले न तुडवता, टपालाने आलेल्या पानांवरून नव्या धातुसंचयी वनस्पती आणि निकेलयुक्त खडकांच्या जागा हाती लागल्या. गोळा करणाऱ्याने त्या काळी जागा आणि तारीख नीट लिहून ठेवली होती, म्हणूनच हे शक्य झाले. विद्यार्थ्यांच्या पानांच्या वहीत नाव, जागा आणि तारीख का लिहायची, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

ब्रुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली न्यू कॅलेडोनिया बेटावरील 'सेबर्टिया' वृक्षाची माहिती प्रसिद्ध केली. त्याच्या खोडाला चीर दिली की निळसर हिरवा चीक येतो. ओल्या चिकात ११ टक्के आणि वाळवलेल्या चिकात सुमारे २६ टक्के निकेल असते. निकेलच्या कित्येक खनिजांतही ते एवढे नसते. अशा वनस्पती धातूला सायट्रेटसारख्या सेंद्रिय आम्लांशी बांधतात आणि पेशींच्या रिक्तिकांत कुलूपबंद करून ठेवतात. त्यामुळे पेशीचे कामकाज बिघडत नाही. उलट पाने कुरतडणाऱ्या कीटकांना मात्र ती बाधतात.

शुद्धीकरणाची कल्पना

वनस्पती जर धातू ओढून घेत असतील, तर दूषित जमिनीवर त्यांचे पीक घ्यावे, कापून न्यावे आणि जमीन स्वच्छ करावी, हा विचार अमेरिकेच्या कृषी खात्यातील रूफस चेनी यांनी १९८३ साली मांडला. १९९० च्या दशकाच्या आरंभी याला 'फायटोरेमेडिएशन' हे नाव मिळाले आणि कल्पनेला एकदम बहर आला. इंग्लंडमध्ये सांडपाण्याच्या गाळाने दूषित झालेल्या शेतात 'थ्लास्पी' लावून पाहिली गेली. अमेरिकेत शिशासाठी आपल्या ओळखीची मोहरी पेरली गेली. २००१ साली फ्लॉरिडात आर्सेनिक साठवणारे 'टेरिस' नेचे सापडले. जुन्या भिंतींच्या फटींत उगवणारे हे नेचे भारतातही आढळते.

परंतु अडचणीही लवकरच पुढे आल्या. 'थ्लास्पी' जस्त भरपूर घेते, पण ती वीतभर वाढणारी, हळू वाढणारी. मोहरी भरपूर वाढते, पण शिसे फारसे घेत नाही. कारण शिसे मातीतील फॉस्फेट, चिकणमाती आणि सेंद्रिय द्रव्य यांना घट्ट चिकटून बसते. ते सुटावे म्हणून मातीत ईडीटीए हे रसायन घातले गेले. त्याने शिसे सुटले खरे, पण मुळांकडे जाण्याऐवजी त्यातील काही भाग पाण्याबरोबर खाली भूजलाकडे निघाला. उपायच अपाय ठरू लागला.

तेव्हा लक्ष पुन्हा झाडांकडे वळले. विलो आणि पॉपलर भराभर वाढतात, त्यांची मुळे खोल जातात, तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटतात. या झाडांत कॅडमियम आणि जस्त बऱ्यापैकी चढतात. वनस्पतीला जस्त हवेच असते, आणि रासायनिकदृष्ट्या त्याच्याशी साम्य असलेले कॅडमियम त्याच्या दारातून आत शिरते. स्वीडन, स्वित्झर्लंड आणि बेल्जियम येथे विलोचे शेतातले प्रयोग झाले. बेल्जियम-नेदरलँड्सच्या सीमेवरील केंपेन भागात तर जस्ताच्या भट्ट्यांमुळे सुमारे ७०० चौरस किलोमीटर जमीन दूषित झाली आहे. एवढ्या जमिनीची माती खणून नेणार तरी कुठे?

हिशेब करून पाहू

आता फळ्यावर एक गणित मांडू या. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. वरचा २० सेंटिमीटरचा थर घेतला तर माती २,००० घनमीटर, म्हणजे साधारण २,५०० टन. समजा तिच्यात किलोग्रॅममागे ५ मिलिग्रॅम कॅडमियम आहे; एकूण साडेबारा किलोग्रॅम झाले. ते ३ मिलिग्रॅमवर आणायचे तर ५ किलोग्रॅम काढावे लागेल. विलोची लागवड वर्षाला १० टन वाळलेले लाकूड व पाने देते आणि त्यांत किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅम कॅडमियम असते असे धरू. म्हणजे वर्षाला २०० ग्रॅम. काम २५ वर्षांत होईल. मातीतील धातू जसजसा कमी होईल तसतशी झाडाची उचलही घटेल, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्तच.

आता शिसे. किलोग्रॅममागे ५०० मिलिग्रॅम धरले तर हेक्टरी १,२५० किलोग्रॅम. ते फक्त ४०० मिलिग्रॅमवर आणायला २५० किलोग्रॅम काढले पाहिजे. झाडात किलोग्रॅममागे १० मिलिग्रॅम चढले तर वर्षाला १०० ग्रॅम निघेल. भागाकार करा : २,५०० वर्षे!

आकडे आपण सोयीसाठी धरलेले आहेत, पण त्यांचा अर्थ खरा आहे. कॅडमियम किंवा जस्ताने मध्यम दूषित झालेली जमीन झाडांच्या साहाय्याने एका-दोन पिढ्यांत सुधारू शकेल. शिशाच्या बाबतीत झाड हा उपसा करणारा पंप नव्हे. तिथे झाडाचे काम निराळे : मुळांनी माती धरून ठेवणे, धूळ उडू न देणे, पाणी शोषून ते खाली झिरपण्याचे प्रमाण कमी करणे. लहान मुलांच्या शरीरात शिसे जाण्याचा एक मुख्य मार्ग धूळ लागलेले हात हाच आहे. तेव्हा हे कामही काही कमी मोलाचे नाही. बेल्जियममध्ये लोमेल येथील जस्ताच्या जुन्या कारखान्याच्या जागी १९९० साली हेच केले गेले. मातीत धातू बांधून ठेवणारे खनिज व कंपोस्ट मिसळून गवत पेरले आणि वाळवंट झालेली जमीन झाकली. आपल्याकडचा वाळाही याच कामाचा. तो बहुतांश धातू मुळांतच अडवतो, वर पानांत फारसा चढू देत नाही.

महाराष्ट्रातील उदाहरणही आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथे मँगनीजच्या खाणीच्या ढिगांवर झाडे जगवली. नुसते खड्डे करून रोपे लावली नाहीत. साखर कारखान्यातील प्रेसमड घातला, नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी दिली. मातीत जीव आला तेव्हा झाडे टिकली. स्वान्सीचा धडाच इथे वेगळ्या हवामानात पुन्हा सिद्ध झाला.

लाकडाचे काय करायचे?

समजा झाडाने धातू उचलला. आता तो पानांत आणि फांद्यांत आहे. पाने शरद ऋतूत गळाली की खोलवरचे कॅडमियम जमिनीच्या वरच्या थरात येऊन पडते; म्हणजे पानगळीपूर्वीच पाने गोळा करायला हवीत. लाकूड जाळले तर कॅडमियम आणि जस्त धुराच्या बारीक राखेत जाते. म्हणून ते राख पकडणाऱ्या गाळण्या बसवलेल्या भट्टीतच जाळायला हवे. तेच लाकूड घरातल्या चुलीत गेले किंवा पाला शेळ्यांनी खाल्ला, तर जमिनीतले विष आपण आपल्या हातांनी घरात आणले असे होईल. आपल्याकडे औद्योगिक वसाहतींच्या कडेने सरपण गोळा करणारी माणसे आहेत, चरणारी जनावरे आहेत. हा भाग योजनेतून वगळून चालणार नाही.

निकेलची गोष्ट मात्र थोडी आशादायक आहे. मलेशियातील साबा येथे आढळलेल्या एका वृक्षवजा झुडपाला २०१८ साली रूफस चेनी यांचे नाव देण्यात आले : 'फायलॅन्थस रूफसचेनीआय'. आपल्या आवळ्याच्याच प्रजातीतला हा भाऊबंद आहे. त्याच्या पानांत २ टक्क्यांहून जास्त निकेल साठते. फांद्या छाटाव्यात, जाळाव्यात आणि राखेतून निकेल काढावे, अशी तेथे प्रायोगिक शेती होत आहे. अल्बानियातही 'अ‍ॅलिसम'च्या गोतावळ्यातील रोपांवर असेच प्रयोग झाले. धातू गेला कुठे, याचे सर्वांत समाधानकारक उत्तर इथे मिळते : तो परत वापरात आला.

कारखान्याजवळच्या शाळेत वृक्षारोपण करायचे ठरले, तर ते जरूर करावे. मात्र आधी मातीची तपासणी करून घ्यावी. जमीन दूषित निघाली तर फळझाडे आणि पालेभाजी तिथे लावू नये. उघडी माती गवताने झाकावी. पालापाचोळा जाळू नये. आणि मुख्य म्हणजे, दूषित सांडपाणी जिथून येते ते तोंड बंद झाले आहे का, हे पाहावे. ते वाहते असेल तर विलोचे २०० ग्रॅम आणि आपले पंचवीस वर्षांचे गणित दोन्ही व्यर्थ आहेत.

स्वान्सीच्या दरीत बिघाड व्हायला दीडशेहून जास्त वर्षे लागली, आणि तो निस्तरण्याचे काम १९६१ नंतर कित्येक दशके चालले. ज्यांनी शाळेत असताना तेथे रोपे लावली, ती मुले आता साठी-सत्तरीत आहेत. झाडे उंच झाली आहेत आणि त्यांच्या मुळांखाली तांबे अजून आहे. झाड जमिनीची शुश्रूषा मन लावून करते. पण आधी तिला विषबाधा होऊ न देणे हे काम माणसाचेच आहे.